वेवजीचा पूर्वपक्ष



तारापूरकडच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या एका माळकरी तरुणाचे आम्हांस पत्र आले आहे. तो लिहितो, "बुवा, माझ्या शेजारच्या यंत्रावरचा सोबती रोज विचारतो की देव आहे तर दाखव. मी गप्प बसतो. त्याला गप्प करील असे एखादे उत्तर मासिकातून लिहा."

पत्र वाचून आम्हांस हसू आले आणि थोडी लाजही वाटली. हसू अशासाठी की, या प्रश्नाला गप्प करणारे उत्तर सापडते तर आमच्या आचार्यांनी हजार-बाराशे वर्षे एवढे ग्रंथ कशाला लिहिले असते? लाज अशासाठी की, असे गप्प करणारे उत्तर आम्ही स्वतः एकदा दिले होते. ज्या माणसास दिले ते माणूस खरोखरच गप्प झाले, आणि उठून गेले. ती हकीकत आधी सांगतो. पत्राचे उत्तर तिच्यात आले तर आले.

२०१९ सालच्या माघ महिन्यात वेवजी येथे आमची कीर्तने होती. घाटावरच्या वाचकांस वेवजी ठाऊक असण्याचे कारण नाही. पालघर जिल्ह्याच्या अगदी उत्तरेस, तलासरी तालुक्यात हे गाव आहे. गावाची शीव तीच राज्याची शीव. पलीकडे गुजरातेतले सोळसुंबे आणि उंबरगाव. आगगाडीने उतरायचे ते उंबरगाव रोडला, म्हणजे गुजरातेत, आणि तेथून रिक्षा करून पुन्हा महाराष्ट्रात यायचे. मुलूख वारली आदिवासींचा. हिरवा, हिमाय, वाघदेव हे त्यांचे देव, आणि चैत्रात डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा. माळकरी घरे थोडी, पण जी आहेत ती पक्की.

ते दिवस वाईट होते. २०१८ च्या नोव्हेंबरापासून डहाणू-तलासरीच्या भागात धरणी हलत होती. एक मोठा धक्का बसला आणि संपले, असे ते नव्हते. लहान लहान धक्के, आज दोन, उद्या पाच, मध्ये चार दिवस काही नाही, की पुन्हा सुरू. पायाखाली आधी गडगडल्यासारखे व्हायचे, मग भांडी वाजायची. १ फेब्रुवारी २०१९ या एका दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतला मोठा चार रिश्टरच्या वर होता. धावपळीत पडून एक दोन वर्षांची मुलगी दगावली. धुंदलवाडीकडे लोक महिनोन्‌महिने तंबूत आणि ताडपत्रीखाली निजत होते. वेवजीसही कोणी छपराखाली बसायला तयार नव्हते, म्हणून कीर्तन उघड्या माळावर ठेवले. कुडाच्या घरांना त्यातल्या त्यात धीर होता, कूड हलतो आणि थांबतो. विटांची घरे ज्यांनी उसनेपासने करून नुकतीच बांधली होती त्यांच्याच भिंतींना चिरा पडल्या होत्या.

समोर चारपाचशे माणसे घोंगड्या, चादरी पांघरून बसलेली. अशा वेळी कीर्तनकाराच्या तोंडून काय निघावे? आमच्या तोंडून जे निघाले ते पाठ झालेले होते. पृथ्वीवर पापाचा भार झाला म्हणजे ती डळमळते, ती गाईचे रूप घेऊन नारायणाकडे जाते, हे आख्यान आम्ही रंगवून सांगितले. टाळकऱ्यांनी साथ दिली, मृदंग चढला. आणि आख्यान टिपेला पोचले असता पुढच्या रांगेतली एक बाई मूल कडेवर घेऊन उभी राहिली. मूल तापाने फणफणलेले होते. ती म्हणाली, "बुवा, हा पोरगा दोन पावसाळ्यांचा हाय. याचा पाप कोनता, तेवढा सांगा."

आम्ही म्हटले, "बाई, या जन्मीचे नसेल, मागल्या जन्मीचे असेल."

ती काही बोलली नाही. पोराच्या डोक्यावर पदर ओढला आणि माळाच्या कडेने अंधारात निघून गेली. कीर्तन आम्ही पुरे केले. लोकांनी पाया पडायचे ते पडले. पण आमच्या मृदंग्याने त्या रात्री आमच्याशी शब्द काढला नाही. पंचवीस वर्षे तो आमच्या संगतीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो होतो त्या अंगणात एक गृहस्थ आले. निवृत्त शिक्षक, वारली समाजातले, लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते. आदल्या रात्री ते मागे उभे होते. चहा घेतला आणि सरळ म्हणाले, "बुवा, तुम्ही काल त्या बाईला जे सांगितलंत ना, तेच माझ्या आजाला सावकार सांगत होता."

आम्ही विचारले, "म्हणजे कसे, गुरुजी?"

ते म्हणाले, "लग्नासाठी आजानं कर्ज घेतलं. ते फेडायला नवराबायको दोघं मालकाच्या वाड्यावर राबली, जन्मभर. अशा माणसाला इकडं लग्नगडी म्हणत. आजा विचारी, देणं कधी फिटणार? मालक म्हणे, मागल्या जन्मीचं आहे, एवढ्यात कसं फिटेल?"

वाचकहो, आम्ही पाठशाळेत तर्कसंग्रह आणि मुक्तावली शिकलो. पूर्वपक्ष कसा मांडावा, त्याचे खंडन कसे करावे, हे गुरुजींनी छडी घेऊन शिकवले. पण इतका पक्का पूर्वपक्ष आम्ही कोणत्याही पोथीत वाचला नव्हता. तरी वादाची खोड जाते कोठे? आम्ही ब्रह्मसूत्रांतले उत्तर काढले. ईश्वराने जग निर्माण केले म्हणावे, तर कोणी सुखी, कोणी दुःखी, हा पक्षपात झाला, आणि लेकरांचाही संहार होतो हा निर्दयपणा झाला. वैषम्य आणि नैर्घृण्य असे हे दोन आक्षेप सूत्रकारांनी स्वतःच उचलले आहेत. भगवान शंकराचार्यांनी तेथे पावसाचा दृष्टांत दिला. पाऊस सर्वांवर सारखा पडतो. भात उगवते की जव, ते बियाण्यावर. तसा ईश्वर सर्वांस समान, फळ ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे.

गुरुजी शांतपणे ऐकून म्हणाले, "पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो हे आमच्या डोंगराकडच्या वरकस जमिनीवर येऊन सांगा एकदा. बरं, तेही सोडा. बियाणं कोणी पेरलं हे त्या पोराला ठाऊक नाही. ज्याला गुन्हा आठवत नाही त्याला शिक्षा देतात असं कोर्ट कुठं आहे का?"

मग ते भूकंपावर आले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यास जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनी तो आपल्याच 'हरिजन' पत्रात छापला. गुरुजींनी विचारले, "रवींद्रनाथ काही नास्तिक नव्हते. मग त्यांना ते का सोसलं नाही?" आम्हांस किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. लोक गणपती पोचवून घरी येऊन निजले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास दगडामातीची घरे त्यांच्या अंगावर आली. हजारो माणसे गेली. ज्यांनी दहा दिवस आरती केली त्यांच्याच डोक्यावर माळवद पडले. पापपुण्याचा हिशेब त्या ढिगाऱ्यापुढे मांडण्याची कोणाची छाती होईल? कोयनेस ११ डिसेंबर १९६७ रोजी धरणी हलली. धरणाच्या जलाशयात साठलेल्या पाण्याचा त्याच्याशी संबंध आहे, असे शास्त्रज्ञ म्हणतात. तेथे तर पाप शोधायचे झाले तर विजेचे दिवे लावणाऱ्या आपण सर्वांनीच वाटून घ्यावे लागेल.

हे सर्व आम्ही बोललो नाही. मनात आले एवढेच. बोललो ते असे, "गुरुजी, तुमच्या मते देव नाही. ठीक. मग काल रात्री त्या बाईस तुम्ही काय सांगितले असते?"

"काही सांगितलं नसतं. ताडपत्री बांधून दिली असती. सकाळी तेच करून आलो. पोराला तलासरीच्या दवाखान्यात पाठवलं."

"आणि ताडपत्री बांधून झाल्यावर? रात्री पुन्हा जमीन हलली, पोर रडू लागले, आणि करण्यासारखे हाताशी काही उरले नाही, म्हणजे?"

गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते मलाही ठाऊक नाही, बुवा. माझी आई गेली तेव्हा भगत बोलावून तिचं कार्य मी रीतीप्रमाणं केलं. विश्वास नव्हता. पण केलं."

एवढे बोलून ते उठले. वादात कोण जिंकले, हे वाचकांनी आम्हांस विचारू नये.

परतल्यावर आम्ही पोथ्या काढून बसलो. जे सापडले ते पत्र लिहिणाऱ्या आमच्या तरुण मित्राच्या उपयोगाचे आहे म्हणून सांगतो. तू देव सिद्ध करण्याचे मागतोस. नैयायिकांनी तो सिद्ध केला आहे. घागर दिसली की कुंभार आहे असे आपण म्हणतो. पृथ्वी, अंकुर ही कार्ये दिसतात, तेव्हा त्यांचाही कोणी कर्ता असला पाहिजे. दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हे मत पाच स्तबकांत बळकट केले. पण त्यांच्या कितीतरी आधी बौद्ध पंडित धर्मकीर्तीने एक चिमटा काढून ठेवला होता. घागर मातीची आणि वारूळही मातीचेच, मग वारूळही कुंभारानेच केले म्हणायचे काय? वेवजीच्या बांधाबांधावर वारुळे आहेत. तुझा सोबती कदाचित धर्मकीर्ती वाचलेला नसेल, पण वारूळ त्याने पाहिलेले आहे. तेव्हा घागरीचा दाखला देऊ नकोस.

आणि हे आक्षेप परक्यांचेच आहेत असेही नाही. कुमारिल भट्ट वेदांचे केवढे अभिमानी! पण जगाचा कर्ता कोणी ईश्वर आहे हे त्यांस मान्य नाही. ते विचारतात, करुणेने जग निर्माण केले म्हणता, तर निर्माण होण्यापूर्वी करुणा करायला प्राणी होते कोठे? आणि करुणाच होती तर दुःखाचे जग का केले? रामानुजाचार्य भक्तिमार्गाचे महान आचार्य, तेही श्रीभाष्यात म्हणतात की ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, तो शास्त्रानेच कळतो. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात सर्वदर्शनसंग्रह रचला तेव्हा पहिले प्रकरण दिले ते चार्वाकाला. त्यास आधी बोलू दिले. आजकाल आमच्या काही कीर्तनकार बंधूंना नास्तिक म्हटले की अंगावर पाल पडल्यासारखे होते, त्यांनी हा ग्रंथ उघडून पाहावा.

उदयनाचार्यांच्या ग्रंथाचा शेवट आम्ही विद्यार्थिदशेत घोकला होता. पण त्यातला जीव त्या रात्री उमगला. एवढे सारे सांगूनही ज्यांच्या दगडी मनात तू शिरत नाहीस, तेही तुझ्या विरोधात का होईना, सतत तुझाच विचार करीत असतात. तेव्हा हे दयाळा, वेळ येईल तेव्हा त्यांनाही तूच सांभाळ, अशा आशयाचे मागणे त्यांनी मागितले आहे. ज्याने नास्तिकांचे खंडन करण्यात हयात घालविली त्याची ही शेवटची मागणी आहे. आणि आम्ही काय केले? ती बाई तर नास्तिकही नव्हती. ती फक्त विचारीत होती.

मग शंकराचार्यांचे उत्तर खोटे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आमचे चुकले ते दुसरीकडे. कर्माचा सिद्धांत ही ज्याची त्याची स्वतःची वही आहे. माझ्यावर दुःख आले असता मी म्हणावे की हे माझे देणे असेल, आणि सोसावे. त्याने मनुष्य मोडत नाही. पण तीच वही दुसऱ्याच्या दारात जाऊन, त्याचे लेकरू तापाने फणफणले असता, मोठ्याने वाचून दाखविणे हे सावकाराचे काम झाले. सूत्रकारांनी ते उत्तर ईश्वरावरचा आळ दूर करण्यासाठी रचले. आम्ही ते त्या बाईवर आळ घालण्यासाठी वापरले. शब्द तेच राहिले, फक्त तोंड फिरले.

तुकोबारायांचे चरित्र पाहा. १६३० नंतरचा तो भयंकर दुष्काळ. घर बुडाले, अन्नावाचून बायको गेली. त्या वेळी त्यांस कोणी सांगितले नसेल काय, की मागल्या जन्मीचे आहे? सांगितलेच असणार, सांगणारे आमच्यासारखे पुष्कळ असतात. पण तुकोबांनी ते उत्तर घेऊन समाधान मानले नाही. ते देवाशी भांडले. साधेसुधे नव्हे, देव आपल्या लेखी मेला असे म्हणण्यापर्यंत भांडले. आणि दुसरे काय केले? घरची सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद, भावाचा वाटा त्याला देऊन, आपल्या वाट्याचे त्यांनी इंद्रायणीत सोडून दिले. महीपतिबोवांनी हे चरित्रात लिहून ठेवले आहे. आम्ही ही कथा शेकडो वेळा सांगितली. श्रोते डोळे पुसतात, आम्ही पुढच्या अभंगास हात घालतो.

आता गुरुजींच्या आजाकडे या. तलासरी तालुक्यातच झरी म्हणून गाव आहे. तेव्हा तो मुलूख उंबरगाव तालुक्यात मोडे. १९४५ च्या मे महिन्यात तेथे हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे कम्युनिस्ट दांपत्य त्यांच्यामध्ये होते. वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, हे तेथे ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. १९७० साली ते निघाले, पुढे त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आम्ही ते उशिरा वाचले. जमीनदारांच्या वाड्यांत देव्हारे नव्हते असे नाही. होते, नंदादीपही तेवत असतील. पण कर्जाचे कागद बुडविण्याचे इंद्रायणीकाठचे काम त्या रानात ज्यांच्या हातून झाले ते देव न मानणारे होते. हे लिहिताना आम्हांस जड जाते. पण नास्तिकाचा सर्वांत बळकट पुरावा घागरीत किंवा वारुळात नाही, तो येथे आहे. आणि त्याचे उत्तर मुक्तावलीत नाही.

असाच आणखी एक प्रसंग. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याची चर्चा चालू असता आमच्या संप्रदायातील पुष्कळांना वाटले की उद्या वारी आणि कीर्तनही गुन्हा ठरेल. आम्हीही त्या मताचे होतो आणि सभांतून तसे बोललो आहोत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मग वटहुकूम आला आणि वर्षअखेर कायदा झाला. त्यात यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांस बाध नाही असे स्पष्ट म्हटले आहे. सर्प डसला असता दवाखान्यात नेऊ न देणे, अंगात भूत आहे म्हणून मारझोड करणे, हे गुन्हे आहेत. कायदा पुरता वाचल्यावर आमच्या ध्यानात आले की, नवसाला बकरी मागणाऱ्या देवांवर तुकोबांनी याहून कडक शब्द टाकले आहेत. असो.

मग तुम्ही माळ का ठेवता, असे आमचा तरुण मित्र विचारील. खरे सांगायचे तर, सिद्ध झाले म्हणून आम्ही माळ घातली नव्हती. वडिलांनी आळंदीस नेऊन घातली. पुढे न्यायशास्त्र शिकलो तेव्हा प्रमाणे मिळाली, धर्मकीर्ती वाचला तेव्हा त्यांतली काही ढिली झाली, पण माळ ढिली झाली नाही. आई आहे हे कोणी अनुमानाने ठरवीत नाही. रागावायला, रुसायला, रात्री हाक मारायला ती असते. ताडपत्री बांधून झाल्यानंतरच्या त्या वेळेस आम्हांस हाक मारायला कोणी आहे. गुरुजी याला सवय म्हणतील. म्हणोत बापडे. पण ही हाक आमची आहे. ती दुसऱ्याने मारलीच पाहिजे अशी सक्ती आम्ही कोणत्या तोंडाने करावी, आणि न मारणाऱ्यास पापी तरी कसे म्हणावे?

तेव्हा सोबत्यास सांग, "दाखविता येत नाही." आणि शिफ्ट सुटल्यावर त्याच्या घरी कोणी आजारी असेल तर चौकशीस जा. तो तुझ्या घरी येत असेल तर येऊ दे.

त्यानंतर वेवजीस आमचे पुन्हा जाणे झाले. मधली दोन वर्षे महामारीत गेली होती. या खेपेस कीर्तन छपराखाली झाले. धक्के विरळ झाले होते, पण लोक अजून दाराच्या बाजूस बसत. आम्ही उभे राहिलो ते आधी त्या रात्रीची चूक बोलून दाखविली, की मुलाच्या पापाविषयी आम्ही जे बोललो ते बोलण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. ती बाई समोर दिसते का म्हणून आम्ही पाहत होतो. ती नव्हती. उंबरगावच्या कारखान्यात तिला रात्रपाळी असते असे कोणी सांगितले. मुलगा मात्र आला होता. अंगणवाडी संपवून शाळेत जाऊ लागला होता, आणि आमच्या मृदंग्याच्या मांडीला टेकून शाईवर बोट फिरवीत बसला होता.

गुरुजी मागच्या खांबाला टेकून उभे होते. आरतीच्या वेळी सर्वांनी हात जोडले, त्यांनी जोडले नाहीत. सकाळी आम्हांस गाडी गाठायची होती. मृदंग खांद्यावर घेऊन ते रिक्षापर्यंत आले. म्हणाले, "बुवा, चूक कबूल केलीत, चांगलं केलंत. पण माझ्या आजाचा प्रश्न राहिलाच."

आम्ही म्हटले, "राहिला आहे, गुरुजी. पुढल्या माघात येतो."

"या. त्या बाईला दिवसपाळी मिळते का तेही बघतो," असे म्हणून त्यांनी मृदंग आमच्या मांडीवर ठेवला आणि रिक्षावाल्यास गुजरातीत पत्ता सांगितला.